धोपटीपासून विजेच्या चिमट्यापर्यंत
(केशसंस्काराचा एक धावता इतिहास)

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहून द्यावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली. आपल्या नाभिक समाजाचा इतिहास म्हटला की श्रीसंत सेनामहाराज, प्रतापगडावरील जिवा महाला आणि पन्हाळ्याचा शिवा काशीद ही तीन नावे प्रथम ओठांवर येतात, आणि ती यावीतच. परंतु त्यांच्याविषयी स्मरणिकांच्या पृष्ठांतून पुष्कळ लिहून झाले आहे. म्हणून आम्ही यंदा निराळा विषय निवडला आहे. आज टिटवाळ्यातील काय किंवा कल्याण-डोंबिवलीतील काय, बहुतेक घरांत आरशाशेजारी एखादे तरी विजेचे केशयंत्र पडलेले दिसते. कोठे केस वाळवण्याचा ड्रायर, कोठे केस सरळ करण्याचा चिमटा, तर कोठे केस कुरळे करण्याची कांडी. घरातील मुली ती रोज वापरतात. त्यांचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही, आणि त्या इतिहासाशी आपल्या समाजाचा किती निकटचा संबंध आहे, हे तर बहुतेकांच्या गावीही नाही. तो संबंध उलगडून दाखवावा आणि जाता जाता ही यंत्रे निवडण्या-वापरण्याविषयी चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

केसांना उष्णता देण्याची कल्पना आधुनिक आहे, असा समज असल्यास तो प्रथम दूर केला पाहिजे. कालिदासाच्या ‘मेघदूता’त उज्जयिनीच्या गवाक्षांतून बाहेर पडणाऱ्या धुराचा उल्लेख आहे. तो धूर चुलीचा नव्हे, तर स्त्रिया न्हाल्यानंतर केसांना जो सुगंधी धूप देत, त्याचा आहे. ओले केस ऊबदार धुरावर वाळवावेत आणि त्यांस सुवासही यावा, असा दुहेरी लाभ त्यात होता. आपल्या घरांतूनही बाळंतिणीस न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा टाकून धुरी देण्याची चाल आपल्या आजी-पणजींनी पाळलेली आहे. निखाऱ्याची आच, मधे पुरेसे अंतर आणि हळूहळू वाळणारे केस, हे त्या धुरीचे तत्त्व होते. आजच्या यंत्रांच्या उत्तम वापराचे तत्त्वही याहून फारसे वेगळे नाही, हे पुढे दिसून येईल.

तिकडे प्राचीन रोममध्ये ‘कॅलॅमिस्ट्रम’ नावाची धातूची पोकळ कांडी राखेत तापवून तिच्याभोवती केस गुंडाळीत. ती राखेत तापवण्यासाठी घरोघरी दास ठेवलेले असत आणि राख या शब्दावरूनच त्या दासांचे नाव पडले होते. म्हणजे केस सजणार धनिणीचे आणि हात भाजणार दासाचा. केशसंस्काराच्या इतिहासात हा प्रकार पुन्हा पुन्हा आढळतो.

आता आपल्याकडे वळू. गावगाड्यात बारा बलुतेदारांपैकी न्हावी हा एक. त्याची सारी मिळकत एका धोपटीत मावत असे. वस्तरा, कात्री, फणी, नराणी, चिमटा, पाण्याची वाटी, लहानसा आरसा आणि वस्तरा पाजळण्याचे चामडे. या मोजक्या हत्यारांवर तो गावाची सेवा करी आणि सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते मिळवी. हजामतीखेरीज पाय रगडणे, तुंबडी लावून दूषित रक्त काढणे, समारंभात मशाल धरणे अशी कामेही त्याच्याकडे असत. इंग्लंडात न्हावी व शस्त्रवैद्य यांची एकच संस्था १५४० पासून होती व ती १७४५ मध्ये विभक्त झाली. त्यावरून न्हाव्याचा हात हा एके काळी वैद्याचाही हात मानला जाई, हे ध्यानात येईल. श्रीसेनामहाराजांनी तर या हत्यारांनाच परमार्थाची उपमा देऊन अभंगरचना केली. त्यांच्या नावाचे एक पद शिखांच्या ‘गुरु ग्रंथसाहिबा’तही समाविष्ट झाले आहे. ज्या धंद्याचा आज आपल्यातीलच काही तरुणांना संकोच वाटतो, त्या धंद्याची वाणी पंजाबात गुरुवाणीबरोबर गायिली जाते, ही गोष्ट त्यांनी लक्षात ठेवावी.

मात्र इतिहास लिहावयाचा तर तो गोड तेवढाच लिहून चालत नाही. आपल्या धोपटीत स्त्रियांचे केस सजवण्याचे एकही हत्यार नव्हते. अंबाडा, खोपा, वेणी ही कामे घरातील आई, आजी किंवा थोरली बहीण करीत असे. स्त्रीच्या मस्तकाशी आपल्या वस्तऱ्याचा जो संबंध येई, तो केस सजवण्यासाठी नव्हे, तर ते उतरवण्यासाठी येई. उच्चवर्णीय मानल्या गेलेल्या काही जातींत पती निवर्तला की विधवेचे केशवपन करण्याची दुष्ट रूढी होती. कित्येकदा ती विधवा दहा-बारा वर्षांची पोरही असे. ती रूढी घालणारे निराळे, ती पाळण्याची सक्ती करणारे निराळे, परंतु प्रत्यक्ष वस्तरा फिरवण्याचे काम आपल्या पूर्वजांच्या माथी आलेले होते. समोर आक्रोश करणारी मुलगी आणि हातात वस्तरा, अशा स्थितीत त्या कारागिराच्या मनाला काय वाटत असेल, याचा विचार रूढीच्या अभिमान्यांनी कधी केला नाही.

तो विचार केला महात्मा जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी. त्यांपैकी नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये आपल्या ठाण्यास झाला. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. आज आपण जी रविवारची सुटी भोगतो, तीमागे या ठाणेकराचे श्रम आहेत. त्याच १८९० साली लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हावी बांधवांची सभा भरली आणि विधवांच्या मस्तकावर यापुढे वस्तरा फिरवावयाचा नाही, असा ठराव झाला. इतिहासात हा न्हाव्यांचा संप म्हणून प्रसिद्ध आहे.

या प्रसंगाचे मोल वाचकांनी नीट जोखावे. संप सामान्यतः अधिक मजुरीसाठी होतात. हा संप मिळणारी मजुरी नाकारण्यासाठी झाला. संप करणारे श्रीमंत नव्हते. रोजच्या कमाईवर त्यांची चूल पेटे, आणि ज्यांच्याविरुद्ध ते उभे राहिले ते समाजात वरचढ होते. तरीही, ‘हे काम आमच्या हातून होणार नाही,’ असे त्यांनी सांगितले. केशवपनाची रूढी त्यामुळे एका दिवसात नाहीशी झाली नाही, हे खरे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये काढलेले शारदा सदन, महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये केलेला पुनर्विवाह आणि त्यानंतरचे त्यांचे शिक्षणकार्य, अशा अनेक प्रयत्नांनी ती क्षीण होत गेली. परंतु कारागिराने आपल्या हत्याराचा उपयोग कशासाठी होऊ द्यावा आणि कशासाठी होऊ देऊ नये, याचा निर्णय स्वतः घेतल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल. जिवा महाला व शिवा काशीद यांच्या पराक्रमाच्या पंक्तीला हा पराक्रमही बसवला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ह्याच सुमारास युरोपात केस सजवण्याच्या कलेने नवे वळण घेतले. मार्सेल ग्रातो नावाच्या फ्रेंच केशकाराने १८७२ च्या सुमारास पॅरिसमध्ये तापवलेल्या चिमट्याने केसांना लाटांसारखा आकार देण्याची पद्धत रूढ केली. चिमटा ज्योतीवर तापवावयाचा, कागदावर दाबून पाहावयाचा, कागद करपला तर चिमटा अधिक तापला आहे असे समजून थांबावयाचे, अशी त्या काळी चिमट्याची परीक्षा असे. विसाव्या शतकाच्या आरंभी, सुमारे १९०५-०६ मध्ये, कार्ल नेसलर याने लंडनमध्ये विजेच्या उष्णतेने व रसायनांनी केस दीर्घकाळ कुरळे ठेवण्याचा प्रयोग दाखवला. हातात धरावयाचे ड्रायर १९२० नंतर प्रचारात आले.

अमेरिकेत या उष्ण हत्यारांना आणखी एक सामाजिक बाजू होती. सारा ब्रीडलव्ह, म्हणजेच मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) ही पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेली कृष्णवर्णीय स्त्री. आरंभी तिने कपडे धुऊन पोट भरले. पुढे केसांच्या औषधांचा स्वतःचा कारखाना काढून तिने आपल्यासारख्या हजारो स्त्रियांना धंद्याला लावले. तिच्या पद्धतीत तापवलेल्या फणीचाही उपयोग होता. उपजत कुरळ्या केसांना हिणवणाऱ्या समाजात ते सरळ करून घ्यावे की जसे आहेत तसे अभिमानाने मिरवावे, हा वाद तिच्या समाजात अद्याप चालू आहे. आपल्याकडेही कुरळ्या केसांच्या मुलीला ‘केस नीट करून ये’ असे सहज म्हटले जाते. केस सरळ असणे म्हणजे नीट असणे, हा नियम कोणत्या शास्त्रात सांगितला आहे, हे आम्हांस ठाऊक नाही.

विजेवाचून ही आधुनिक यंत्रे व्यर्थ होत, म्हणून आपल्या भागातील विजेचाही थोडा इतिहास पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला आली आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी टिटवाळ्यावरून वासिंदपर्यंत पोहोचली. श्रीमहागणपतीच्या या गावाची मुंबईशी गाठ पडली ती अशी. बलुत्यावर भागेनासे झालेल्या ठाणे जिल्ह्यातील कित्येक नाभिक बांधवांनी याच लोहमार्गाने मुंबई गाठून दुकाने थाटली. पुढे १९२९ मध्ये कल्याणजवळ ठाकुर्लीस रेल्वेचे चोळा वीजगृह उभे राहिले आणि १९२९-३० च्या सुमारास घाटाकडील मार्गावर विजेची इंजिने धावू लागली. ती वीज आगगाडीसाठी होती, घरासाठी नव्हती. खेड्यापाड्यांतील घरे उजळण्याच्या कामास खरा वेग आला तो १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर.

विजेच्या या इतिहासातही आपल्या समाजाचे एक तेजस्वी नाव आहे. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल वकील झाले. धंद्यात पैसा करण्याऐवजी त्यांनी गोरगरिबांसाठी शाळा काढल्या, धान्यकोठी चालवली. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून इंग्रज सरकारला हैराण केले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. आज बटण दाबताच आपल्या घरात जी वीज येते ती स्वतंत्र देशाची वीज आहे, आणि त्या स्वातंत्र्यासाठी आपल्यातीलच एकाने प्राण वेचले आहेत, हे मुलांना अवश्य सांगावे.

असो. आता यंत्रांच्या उपयोगाकडे येऊ.

केस उष्णतेने का वळतात, हे प्रथम समजले पाहिजे. केस हा केराटीन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असून त्याच्या आतील धागे लहान-मोठ्या बंधांनी एकमेकांस जोडलेले असतात. त्यांतील दुबळे बंध पाण्याने व उष्णतेने सुटतात आणि केस कोरडा व थंड होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून केसाला आकार येतो तो तापताना नव्हे, तर निवताना. कुरळी केलेली बट कांडीवरून काढताच विंचरू नये, ती निवू द्यावी, असे म्हणतात ते याचसाठी. पुन्हा ओल लागली की हे बंध परत सुटतात. आषाढ-श्रावणात आपल्याकडील हवा इतकी दमट असते की घरी सरळ केलेले केस स्टेशनावर पोहोचेपर्यंत मूळ पदावर येतात. तो यंत्राचा दोष नव्हे, कोकणच्या हवेचा गुण आहे. अशा दिवसांत चिमट्याची आच वाढवीत बसण्यापेक्षा सरळ वेणी घालावी.

यंत्र विकत घेताना चकचकीत रंगापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, उष्णता कमी-जास्त करण्याची सोय. केवळ चालू आणि बंद एवढेच बटण असलेला चिमटा किती तापला हे कळत नाही, म्हणून तो टाळावा. बारीक, विरळ किंवा रंगवलेल्या केसांस १५० अंश सेल्सिअसच्या आत, मध्यम केसांस १५० ते १८०, आणि दाट, राठ केसांसही २०० पेक्षा अधिक उष्णता देऊ नये. दुसरी, चिमट्याच्या पट्ट्या. सिरॅमिकच्या पट्टीवर उष्णता बऱ्यापैकी सारखी पसरते, तर हलक्या प्रतीच्या पट्टीवर एखादी जागा अधिक तापून तेवढेच केस करपतात. मुलामा उडालेला चिमटा वापरू नये. तिसरी, विजेची क्षमता. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते. १००० वॉटचा ड्रायर सुमारे साडेचार अँपिअर वीज ओढतो, तो साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर चालेल. २००० वॉटचा ड्रायर पावणेनऊ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचा मोठा प्लगच हवा. जुन्या चाळींतील बारीक तारांवर असा ड्रायर लावला तर केसांपूर्वी तारच जळावयाची. यंत्रावर भारतीय मानकाची खूण आणि हमीपत्र आहे की नाही, हेही पाहावे. वीजबिलाचे भय मात्र बाळगू नये. १००० वॉटचा ड्रायर दहा मिनिटे चालवल्यास एका युनिटचा केवळ सहावा हिस्सा खर्च होतो.

वापरताना सर्वांत मोठा प्रमाद घडतो तो ओल्या केसांवर तप्त चिमटा लावण्याचा. ओल्या केसाच्या आतील पाण्याची क्षणात वाफ होते, तिला बाहेर पडण्यास वाट मिळत नाही, आणि केसाच्या आत सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन तो जागोजागी तुटतो. केसांतून ‘चर्र’ असा आवाज आला तर ते सौंदर्य नव्हे, ती भाजणी आहे, असे समजून हात थांबवावा. प्रथम केस पंचाने टिपून घ्यावेत, चोळू नयेत. मग ड्रायर वीतभर अंतरावर धरून सतत हलता ठेवावा. अशा बेताने वाळवल्यास अपाय अल्प होतो. आपल्या आजीच्या धुरीचेही तंत्र हेच होते. पूर्ण कोरडे झालेले केस बोटभर रुंदीच्या बटांत विभागून, प्रत्येक बटेवरून चिमटा एकदाच, न थांबता फिरवावा. चिमटा लावण्यापूर्वी तेल लावू नये. तेलाची जागा न्हाण्याच्या आदल्या रात्री आहे. उष्णतेपासून संरक्षण देणारे द्रव मिळतात, त्यांचा थोडा उपयोग होतो, परंतु ते चिलखत नव्हे. आठवड्यातून एक-दोन वेळांपेक्षा अधिक हा उद्योग करू नये.

जळलेला केस बरा होत नाही, कारण तो सजीव नाही. तो कापावाच लागतो. केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे वीतभर केस करपून गेले तर ते पुन्हा येण्यास सुमारे दीड वर्ष लागते. पाच मिनिटांच्या घाईची ही किंमत आहे.

पाण्याजवळ तर ही यंत्रे नेऊच नयेत. बटण बंद असले तरी प्लग जोडलेला असेपर्यंत यंत्रात वीज असते. न्हाणीघरात, ओल्या हातांनी किंवा ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून ती वापरणे म्हणजे जीवाशी खेळ आहे. गळती ओळखून वीज तोडणारी कळ घरात बसवून घेणे शहाणपणाचे. काम होताच प्लग काढावा. चिमटा बराच वेळ गरम राहतो, म्हणून तो गादीवर ठेवू नये आणि घरातील लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. केस महिनोन्‌महिने सरळ ठेवण्याच्या रासायनिक उपचारांविषयीही सावध असावे. त्यांपैकी काहींतून तापवताना फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू निघतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्येच तो कर्करोगकारक ठरवला आहे. त्याचा उपद्रव गिऱ्हाइकापेक्षाही बंद खोलीत दिवसभर ते काम करणाऱ्या मुलीला अधिक होतो. राखेत हात भाजून घेणाऱ्या रोमन दासाची येथे आठवण होते.

शेवटी आपल्या समाजापुढील प्रश्न. आज केशसंस्काराचा धंदा पूर्वी कधी नव्हता इतका वाढला आहे. सर्व जातींची तरुण मुले-मुली तो शिकून प्रतिष्ठेने करीत आहेत, आणि ते योग्यच आहे. विद्या कोणा एका जातीची मिरास नसते. परंतु ज्यांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांच्याच मुलांनी तिला लाजावे, हे मात्र आम्हांस दुःखाचे वाटते. वकिली, डॉक्टरी, शिक्षकी अवश्य करावी, कोतवालांनी वकिली केलीच. पण वडील दुकान चालवतात हे सांगताना मान खाली घालू नये. दुसरे असे की, आपल्या धंद्याने शतकानुशतके स्त्रियांना बाहेर ठेवले. ती उणीव आता आपल्याच लेकी-सुनांनी भरून काढावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून केस व त्वचा यांच्या निगेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकवला जातो. ज्या भगिनींना आवड आहे त्यांनी तो रीतसर शिकावा. आपल्या संस्थेनेही श्रावण वद्य द्वादशीस, सेनामहाराजांच्या पुण्यतिथीस, कीर्तनानंतर तासभर जाणत्या कारागिराकडून या यंत्रांच्या सुरक्षित वापराचे प्रात्यक्षिक ठेवावे, अशी आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे.

आणि जे बंधू-भगिनी या धंद्यात आहेत त्यांना एकच सांगणे. गिऱ्हाईक आग्रह धरील, पैसे अधिक देऊ करील, तरीही हे केस आता आच सोसणार नाहीत असे आपल्या अनुभवी हाताला वाटले, तर नकार देण्याचे धैर्य दाखवावे. १८९० साली आपल्या पूर्वजांनी त्याहून फार मोठा नकार दिला होता. हत्यार वस्तऱ्याचे असो की विजेचे, ते कोणाच्या हिताचे आणि कोणाच्या अहिताचे, हे ओळखणारा तोच खरा कारागीर. ही ओळख आपल्या घराघरांत टिकून राहो, अशी श्रीमहागणपती व श्रीसेनामहाराज यांच्या चरणी प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतो.